यजमानांचे गट आणि साठवणीची दारे : स्टोरेज अ‍ॅरेवरील प्रवेशव्यवस्थेची चिकित्सा

विषयप्रवेश

मोठ्या संगणककेंद्रात माहिती बहुधा सर्व्हरच्या पोटात राहत नाही. ती स्टोरेज अ‍ॅरे या स्वतंत्र साठवण-यंत्रात राहते आणि अनेक सर्व्हर स्विचच्या जाळ्यातून त्या यंत्रापर्यंत पोहोचतात. अ‍ॅरेमधील एकूण जागेचे जे कप्पे पाडले जातात त्यांना व्यवहारात ‘लन’ म्हणतात. कोणती लन कोणत्या सर्व्हरला दिसावी हे ठरविण्यासाठी अ‍ॅरेवर गट तयार करावे लागतात. कोणी त्यांना होस्ट ग्रुप म्हणतो, कोणी स्टोरेज ग्रुप, तर कोणी इनिशिएटर ग्रुप. हे गट करणे हे तंत्रज्ञाचे नित्याचे काम मानले जाते व त्याचे वर्णन उत्पादकांच्या हस्तपुस्तिकांत ‘येथे टिचकी द्या, मग तेथे नाव लिहा’ अशा भाषेत सापडते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती कृती शिकविण्याचा नाही. या गटांमागे प्रवेश, ओळख व हक्क यांविषयीची जी गृहीतके दडलेली आहेत ती तपासावीत, निरनिराळ्या उत्पादकांनी एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरे एकमेकांशेजारी ठेवावीत आणि त्यांचे गुणदोष सांगावेत, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

हा विषय केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे असे मला वाटत नाही. नोंदवहीत नाव कोणाचे, प्रत्यक्ष वहिवाट कोणाची, आणि नाव असणारा तोच आहे हे कशावरून, हे प्रश्न कायदा, प्रशासन व समाजशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही परिचित आहेत.

केबल हाच परवाना होता तेव्हा

स्कझी प्रणालीच्या आरंभीच्या काळात डिस्कपेटी एका जाड केबलने एका सर्व्हरला जोडलेली असे. ज्याची केबल त्याची डिस्क. प्रवेशाचा प्रश्न वेगळा विचारण्याची गरजच नव्हती, कारण तारेची लांबी आणि खोलीचे कुलूप यांनीच तो सोडविलेला होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फायबर चॅनेलवर आधारलेली साठवण-जाळी रूढ होऊ लागली आणि ही स्थिती पालटली. एका स्विचला दहा-वीस सर्व्हर व एकदोन अ‍ॅरे जोडले की प्रत्येक सर्व्हरला प्रत्येक लन दिसू शकते. स्कझीची भाषा मात्र जुनीच राहिली. ‘तुझ्याकडे कोणकोणत्या लन आहेत’ असे सर्व्हरने विचारावे आणि अ‍ॅरेने सारी यादी वाचून दाखवावी, असा तिचा भोळा स्वभाव होता.

या भोळेपणाची किंमत लवकरच कळली. विंडोज एनटीवरील डिस्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उघडला की त्याला अनोळखी वाटणाऱ्या डिस्कवर चार बाइटांची स्वाक्षरी लिहू का, असे तो विचारीत असे. होकार देणाऱ्या माणसाला ती डिस्क शेजारच्या युनिक्स सर्व्हरची आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. स्वाक्षरी पहिल्याच सेक्टरमध्ये पडते आणि तेथे दुसऱ्या कार्यप्रणालीने स्वतःचा नकाशा ठेवलेला असू शकतो. सर्व्हरच्या बाजूने यावर उपाय निघावयास बराच काळ जावा लागला. अनोळखी सामायिक डिस्क आपण होऊन वापरात घ्यावी की नाही हे ठरविणारी ‘सॅन पॉलिसी’ विंडोज सर्व्हर २००८ मध्ये आली. तोपर्यंत सारा भार अ‍ॅरेवर होता, आणि याच भारातून ‘लन मास्किंग’ जन्माला आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या व्यवस्थेचा जन्म चोराच्या भीतीने झालेला नाही. तो झाला शेजाऱ्याच्या अजाणतेपणाच्या भीतीने. पुढे हिच्याकडून सुरक्षेची जी अपेक्षा केली गेली आणि ती जेथे अपुरी पडली, त्या साऱ्याचे मूळ या जन्मकथेत आहे.

शब्दांची तपासणी

‘होस्ट’ या शब्दापासून आरंभ करू. मराठी पाठ्यपुस्तकी परिभाषेत त्याला ‘यजमान’ म्हणतात. यजमान म्हणजे घरधनी. ज्याच्या घरी कार्य आहे, जो आमंत्रण देतो, जो दक्षिणा देतो. संगणक हा धनी आणि डिस्क, टेप, छपाईयंत्र ही त्याची आश्रित उपकरणे, अशी स्थिती होती तेव्हा हे नाव शोभत असे. साठवण-जाळीत मात्र घर अ‍ॅरेचे आहे. दार उघडणारा तोच, यादी पाहणारा तोच, नाव नसल्यास परत पाठविणारा तोच. आणि दाराशी उभा राहून ‘मला माझी लन द्या’ म्हणणाऱ्याला आपण यजमान म्हणतो! स्कझीच्या मानकाने ‘इनिशिएटर’ व ‘टार्गेट’ हे अधिक प्रामाणिक शब्द वापरले, पण कार्यालयीन बोलीत ते मागे पडले. हा केवळ शब्दच्छल नाही. ‘होस्ट’ म्हटल्यामुळे तंत्रज्ञाच्या मनात एक सगळा सर्व्हर उभा राहतो, तर अ‍ॅरेला त्या सर्व्हरपैकी प्रत्यक्षात दिसते ते फक्त एक वा दोन कार्डांवरील पोर्टांचे क्रमांक. सर्व्हर ही वस्तू अ‍ॅरेच्या लेखी माणसाने भरलेली एक चौकट आहे. तिच्यात चुकीचा क्रमांक भरला तर अ‍ॅरेला त्याची शंका येत नाही.

दुसरा शब्द ‘मास्किंग’. मुखवटा चढविणे म्हणजे असलेली वस्तू झाकणे. सुरुवातीच्या काही व्यवस्थांत हे वर्णन अक्षरशः खरे होते: झाकण्याचे काम सर्व्हरमधील कार्डाच्या ड्रायव्हरकडे असे. म्हणजे ज्याच्यापासून लपवावयाचे त्याच्याच हाती पडद्याची दोरी. अ‍ॅरेवरील मास्किंग त्याहून बळकट आहे. तेथे यादीत लन दिसत नाही एवढेच नव्हे, तर क्रमांक अंदाजाने ओळखून कोणी आज्ञा पाठविली तरी ‘अशी लन नाही’ असे उत्तर मिळते. तेव्हा हे खरे तर झाकणे नसून नाकारणे आहे. नाव मात्र सौम्यच राहिले, आणि त्या सौम्य नावामुळे या कामाकडे मांडणीचा भाग म्हणून पाहिले गेले, हक्कदानाचा भाग म्हणून क्वचितच.

चार मांडण्या

आता प्रत्यक्ष उत्पादनांकडे वळू. १९९९ मध्ये ईएमसीने डेटा जनरल ही कंपनी घेतली व तिच्याबरोबर क्लॅरियन ही अ‍ॅरेमालिका ईएमसीकडे आली. क्लॅरियनचा ‘स्टोरेज ग्रुप’ ही कल्पना आकर्षक वाटावी इतकी साधी होती. एका पिशवीत सर्व्हर टाकावेत, त्याच पिशवीत लन टाकाव्यात. पिशवीतील सर्वांना पिशवीतील सर्व दिसते. मात्र एक सर्व्हर एका वेळी एकाच पिशवीत राहू शकतो. हे बंधन दिसावयास किरकोळ आहे, पण दोन सर्व्हरांचा क्लस्टर उभारताना त्याचा काच कळतो. दोघांना माहितीची एक लन सामायिक हवी, आणि दोघेही स्वतःची कार्यप्रणाली अ‍ॅरेवरूनच सुरू करीत असतील तर प्रत्येकाची एक खासगी लनही हवी. दोघे एका पिशवीत घातले तर एकाची खासगी लन दुसऱ्याला दिसते. वेगवेगळ्या पिशव्या केल्या तर सामायिक लन दोन्हीकडे हाताने टाकावी लागते, तिचा क्रमांक दोन्हीकडे सारखा ठेवावा लागतो, आणि एकच लन दोन पिशव्यांत टाकल्याबद्दल यंत्राची ताकीद दर वेळी ‘होय, होय’ म्हणून बाजूला सारावी लागते. गट ज्या कामासाठी निर्माण केला त्या सामायिकीकरणाच्या कामीच तो उपयोगी पडत नाही. आणि ज्या ताकिदीकडे रोज दुर्लक्ष करणे भाग असते, ती ताकीद खऱ्या चुकीच्या दिवशीही वाचली जात नाही. क्लॅरियनच्या मांडणीवरील माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

याच मांडणीत क्रमांकांचा आणखी एक घोटाळा संभवतो. अ‍ॅरेच्या आत लनचा एक क्रमांक असतो आणि सर्व्हरला दाखविताना दुसरा देता येतो. अ‍ॅरेवरील सत्तेचाळीस ही सर्व्हरला पाच म्हणून दिसू शकते, आणि दुसऱ्या सर्व्हरला तीच सहा म्हणून. दूरध्वनीवर ‘पाच नंबरची काढून टाका’ असे सांगणारा सर्व्हरच्या बाजूचा आणि ऐकणारा अ‍ॅरेच्या बाजूचा असेल, तर दोघेही बरोबर असूनही लन भलतीच जाते. लनची स्वतःची जगभर अनन्य अशी दीर्घ ओळख असते व ती सर्व्हरला विचारताही येते. तथापि सोळा वा बत्तीस अंकांची ती ओळख तोंडी कोण सांगणार? माणसाला झेपेल ते नाव संदिग्ध आणि असंदिग्ध असेल ते नाव न झेपणारे, हा पेच या क्षेत्रात पदोपदी भेटतो.

आयबीएमची डीएस-४००० ही मालिका (तिचे आधीचे नाव फास्ट) एलएसआय-एन्जिनिओच्या घडणीवर उभी होती. तिच्यात पोर्ट, होस्ट व होस्ट ग्रुप अशी पायरीवार रचना होती. लन एकट्या होस्टलाही देता येई व संपूर्ण गटालाही. वर सांगितलेला क्लस्टरचा पेच येथे सहज सुटतो: सामायिक लन गटाला, खासगी लन ज्याची त्याला. रचनेच्या दृष्टीने ही मला क्लॅरियनपेक्षा सरस वाटते. पण हिच्या पोटात ‘डीफॉल्ट ग्रुप’ नावाची एक खोली होती. ज्या पोर्टाची नोंद कोठेच नाही ते आपोआप या खोलीत गणले जाई, आणि त्या खोलीला दिलेली लन तेथील साऱ्यांना दिसे. अनोळखी माणसाला दाराबाहेर ठेवण्याऐवजी ओसरीवर बसवावे, आणि ओसरीवर काय ठेवले आहे हे घरधन्याने लक्षात ठेवावे, असा हा न्याय होता.

यापेक्षा गंभीर गोष्ट व्यापाराची. वेगवेगळे विभाग करण्याची सोय म्हणजे ‘स्टोरेज पार्टिशनिंग’ हे सशुल्क वैशिष्ट्य होते आणि परवाना विभागांच्या संख्येवर मिळे. परवान्यातील संख्या संपली की नव्या सर्व्हरसाठी दोनच मार्ग उरत: पुन्हा खरेदीचा प्रस्ताव मांडणे, किंवा त्याला जुन्याच एखाद्या गटात सामावून घेणे. आपल्याकडील कोणत्याही अनुदानित संस्थेत खरेदीच्या प्रस्तावाला किती काळ लागतो हे वाचकांना सांगावयास नको. क्लॅरियनवरील अ‍ॅक्सेस लॉजिक्स ही प्रणालीही सुरुवातीच्या काळात वेगळी घ्यावी लागत असे. भिंत घराच्या किमतीत धरलेली नाही, ती खोलीगणिक विकली जाते. मग दोन बिऱ्हाडे एका खोलीत राहिली तर दोष केवळ बिऱ्हाडांचा म्हणता येणार नाही.

हिताचीच्या २००४ मधील युनिव्हर्सल स्टोरेज प्लॅटफॉर्मसारख्या अ‍ॅरेंत होस्ट ग्रुप हा पोर्टाच्या पोटात असतो. अ‍ॅरेचे प्रत्येक पोर्ट म्हणजे एक वेस, आणि प्रत्येक वेशीवर स्वतंत्र यादी. सर्व्हर दोन मार्गांनी येत असेल तर दोन वेशींवर दोन याद्या ठेवाव्या लागतात व त्या सारख्या राहतील याची दक्षता माणसाने घ्यावयाची असते. नवी लन एका यादीत घातली आणि दुसऱ्या यादीत राहून गेली, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सर्व्हर एका मार्गाने सुखेनैव काम करीत राहतो. पहिल्या मार्गावरील स्विच ज्या दिवशी बंद पडतो त्या दिवशी मात्र दुसरा मार्ग असूनही लन नाहीशी होते. मुद्दाम दोन मार्ग ठेवण्याचा जो खर्च केला तो नेमका त्या क्षणी व्यर्थ ठरतो. मला अशा प्रकारच्या सुप्त चुका उघड चुकांपेक्षा अधिक चिंताजनक वाटतात, कारण त्यांना पकडणारी परीक्षा म्हणजे अपघातच असतो.

या गटाला ‘होस्ट मोड’ नावाचा आणखी एक गुण जोडलेला आहे. सर्व्हरची कार्यप्रणाली कोणती, हे सांगितले की अ‍ॅरे त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलतो. म्हणजे एकाच गटाकडे दोन भिन्न कामे आली: कोणाला प्रवेश, आणि कोणाशी कसे बोलावे. पहिला प्रश्न हक्काचा, दुसरा व्यवहाराचा. दोन्ही एका चौकटीत कोंबल्यामुळे बोली बदलावयाची तर हक्काच्या नोंदीला हात लावावा लागतो. नेटअ‍ॅपच्या ‘आयग्रुप’मध्येही कार्यप्रणालीचा प्रकार गटालाच चिकटविलेला आहे, तेथेही हाच आक्षेप लागू पडतो.

राहिली ईएमसीची व्हीमॅक्स मालिका. तिच्या आधीच्या सिमेट्रिक्स अ‍ॅरेंत मास्किंग तपशीलवार लिहावे लागे. २००९ मधील व्हीमॅक्सने ही पद्धत बदलली. सर्व्हरच्या पोर्टांचा एक गट, अ‍ॅरेच्या पोर्टांचा दुसरा, लनांचा तिसरा, आणि या तिन्हींना बांधणारा एक ‘मास्किंग व्ह्यू’. हक्काचे तीन घटक प्रथमच वेगळे मांडले गेले, म्हणून या रचनेला मी या चौघांत वरचे स्थान देईन. एक हिशेब करून पाहू. आठ सर्व्हर, प्रत्येकी दोन कार्डे, म्हणजे सोळा पोर्टक्रमांक. अ‍ॅरेची चार पोर्टे, प्रत्येक कार्ड त्यांपैकी दोहोंशी बोलते. लन वीस. सुटा सुटा हक्क मोजला तर १६ गुणिले २ गुणिले २०, म्हणजे ६४० हक्क होतात. गटांच्या पद्धतीत १६, ४ व २० अशा ४० नोंदी आणि एक व्ह्यू एवढ्यात काम भागते. माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांना वाव किती कमी झाला हे यावरून दिसावे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. तीन गटांचा गुणाकार होतो तेव्हा अ‍ॅरे १६ गुणिले ४ गुणिले २०, म्हणजे १२८० हक्क देऊन टाकतो. आवश्यक त्यांच्या दुप्पट. उरलेले अर्धे प्रत्यक्षात वापरता येत नाहीत, कारण दोन जाळी वेगळी असतात व स्विचवरील झोनिंगही त्यांना अडविते. म्हणजे अ‍ॅरेची नोंदवही आपल्या औदार्याची भरपाई दुसऱ्याच्या काटेकोरपणावर सोडते. शिवाय एकच लनगट अनेक व्ह्यूंत असू शकतो. त्यात एक लन वाढविली की ती त्या साऱ्या व्ह्यूंत एकाच वेळी उघडी होते. सोय आणि धोका येथे एकाच आज्ञेत आहेत. सर्व्हरगटात सर्व्हरगट ठेवण्याची मुभा असल्यामुळे क्लस्टरचा पेच मात्र येथे नीट सुटतो: प्रत्येक सर्व्हरचा लहान गट त्याच्या खासगी लनसाठी, आणि त्यांना पोटात घेणारा मोठा गट सामायिक लनसाठी.

नाव आणि माणूस

आतापर्यंत यादीची रचना पाहिली. आता यादीत लिहिले जाते ते नाव पाहू, कारण माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेचा पाया तेथे कच्चा आहे.

फायबर चॅनेलमध्ये प्रत्येक पोर्टाला ६४ बिटांचे जागतिक नाव असते. त्यातील २४ बिट आयईईई या संस्थेने उत्पादकाला दिलेले असतात व उरलेल्यांची वाटणी उत्पादक करतो. सर्व्हर अ‍ॅरेच्या पोर्टाशी प्रथम संबंध जोडतो तेव्हा तो आपले नाव सांगतो आणि अ‍ॅरे ते यादीत शोधतो. नाव सापडले की दार उघडते. नाव सांगणारा तोच आहे का, हे विचारण्याची रीत या सर्वसाधारण व्यवहारात नाही. आणि नाव कार्डावर छापलेले असले तरी ते बदलता येते. कित्येक कार्डांच्या साधनांत तशी सोय असते. ब्लेड सर्व्हरांच्या काही व्यवस्था कार्डाचे मूळ नाव बाजूला ठेवून स्वतःच्या साठ्यातील नाव मुद्दाम देतात, म्हणजे कार्ड बदलले तरी अ‍ॅरेवरील नोंद बदलावी लागत नाही. एन-पोर्ट व्हर्च्युअलायझेशनमुळे एका पोर्टाला अनेक नावे धारण करता येतात. हे सारे कायदेशीर व उपयुक्त उपयोग आहेत. परंतु जे नाव सोयीसाठी धारण करता येते ते लबाडीसाठीही करता येते.

मानककर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. स्कझीच्या २००५ मधील एसपीसी-३ या मानकात प्रवेशनियंत्रणाच्या स्वतंत्र आज्ञा होत्या, आणि त्यांत पोर्टाच्या नावाखेरीज सर्व्हरला वेगळी प्रवेश-ओळख देण्याची कल्पनाही होती. अ‍ॅरे-उत्पादक मात्र आपापल्या पद्धतींनी गेले. फायबर चॅनेलच्या सुरक्षेचे वेगळे मानक २००७ मध्ये आले व त्यात दोन्ही बाजूंनी ओळख पटविण्याची रीत सांगितली. व्यवहारात तिचा प्रसार फार झाला नाही. आयएससीएसआयच्या २००४ च्या आरएफसी ३७२० मध्ये चॅप ही ओळख पटविण्याची पद्धत उत्पादनात असलीच पाहिजे असे म्हटले होते. ती वापरलीच पाहिजे असे नव्हे. ‘असणे’ व ‘वापरणे’ यांतील हे अंतर नेमके किती रुंद आहे, हे कोणत्याही संगणककेंद्रात दोन प्रश्न विचारले तरी कळते. आयएससीएसआयमध्ये तर नाव म्हणजे लिनक्सच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमधील एक ओळ आहे. एका सर्व्हरची प्रत काढून दुसरा उभा केला आणि ती ओळ बदलावयाची राहिली, की एकाच नावाचे दोघे दाराशी उभे राहतात. येथे लबाडी नाही, केवळ विस्मरण आहे. परिणाम मात्र दोहोंचा सारखाच भयंकर होऊ शकतो. एनटीएफएससारखी सामान्य फाइलप्रणाली एका वेळी एकाच सर्व्हरने लिहावी अशी कल्पना करून रचलेली असते. दोघे लिहू लागले की दोघांच्याही समजुतीप्रमाणे सारे सुरळीत चालले असताना आतील माहिती मोडत जाते.

महसुली दप्तराशी परिचित असलेल्या वाचकाला येथे सात-बाराची आठवण होईल. गाव नमुना सातवर हक्काची नोंद, नमुना बारावर पिकाची, म्हणजे जमीन प्रत्यक्ष कोण कशी वापरतो याची. दोन्ही एका कागदावर असण्यात मोठे शहाणपण आहे, कारण हक्क आणि वहिवाट यांतील विसंगती एका नजरेत येते. अ‍ॅरेच्या गटांत सात आहे, बारा नाही. अमुक पोर्टाला अमुक लन दिली आहे, एवढे गट सांगतो. ते पोर्ट शेवटचे केव्हा आले होते, त्या लनवर गेल्या वर्षात काही लिहिले गेले का, ही माहिती अ‍ॅरेत अन्यत्र, वेगळ्या अहवालात, वेगळ्या मुदतीसाठी ठेवलेली असते. आणि फेरफाराची स्थिती तर सर्वांच्या परिचयाची: मूळ खातेदार वारला तरी वारसनोंद होईपर्यंत उताऱ्यावर नाव त्याचेच. सर्व्हर मोडीत निघतो, कार्ड भंगारात किंवा दुसऱ्या सर्व्हरमध्ये जाते, नाव मात्र गटात राहते. जुने कार्ड नव्या सर्व्हरमध्ये घातले की त्या सर्व्हरला मृताचा वारसा आपोआप मिळतो, आणि त्याच्यासाठी कोणीही अर्ज केलेला नसतो.

नोंद काढण्याच्या बाबतीत तंत्रज्ञ कचरतो, आणि ते कचरणे समजण्यासारखे आहे. नोंद वाढविण्याने कोणाचे काम थांबत नाही. काढण्याने थांबू शकते. व्हीएमवेअरच्या सर्व्हरवरून लन आधी विधिवत न सोडविता अ‍ॅरेकडून काढून घेतली, तर सर्व्हर हरवलेल्या मार्गांची वाट पाहत राहतो व त्यावरील इतर कामेही रखडतात. म्हणून अ‍ॅरेवरील गट वाढतच जातात. अमुक नोंद कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कामासाठी, केव्हापर्यंत, हे लिहिण्याची सक्ती करणारी जागा या चौघांपैकी एकाच्याही गटात नाही. गटाच्या नावात जे काही कोंबता येईल तेवढीच त्याची बखर.

१९७५ ची कसोटी

जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये माहितीच्या संरक्षणाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात रचनेची आठ तत्त्वे सांगितली. त्यांपैकी तीन आपल्या विषयाला थेट लागू पडतात. पहिले, काही सांगितले नसेल तर नकार हे उत्तर असावे. डीएस-४००० ची ओसरी या तत्त्वाला उघड उघड छेद देते. हिताचीच्या अ‍ॅरेतही पोर्टावरील लन सिक्युरिटी बंद ठेवली तर येणारा प्रत्येक जण शून्य क्रमांकाच्या गटाचा मानला जातो. दुसरे, प्रत्येकाला कामापुरताच हक्क असावा. क्लॅरियनच्या पिशवीत हे तत्त्व पाळणे अवघड होते आणि व्हीमॅक्सच्या गुणाकारात ते अर्धे सुटते. तिसरे तत्त्व मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: संरक्षणाची साधने माणसाच्या मनातील चित्राशी जुळणारी असावीत, म्हणजे ती सहजपणे व बरोबर वापरली जातील. तंत्रज्ञाच्या मनात ‘ग्रंथालयाचा सर्व्हर’, ‘परीक्षा विभागाचा सर्व्हर’ असे चित्र असते. अ‍ॅरे त्याच्याकडे सोळा अंकी क्रमांक मागतो. या दोहोंमधील भाषांतर रोज हाताने होते.

या तिन्ही कसोट्यांवर मी कठोर झालो असे कोणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. मास्किंग हे तीन थरांपैकी एक आहे. स्विचवर झोनिंग आहे, सर्व्हरवर स्वतःची बंधने आहेत, आणि संगणककेंद्राच्या दाराला कुलूप आहे. अजाण शेजाऱ्यापासून राखण हे मूळ काम मास्किंगने उत्तम केले आहे. त्याच्यावाचून एका अ‍ॅरेवर शेकडो सर्व्हर नांदलेच नसते. हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. झोनिंगही बहुतेक ठिकाणी त्याच पोर्टनावांवर चालते. दोन पहारेकरी एकाच ओळखपत्रावर विसंबून असतील, तर खोटे ओळखपत्र दोघांनाही एकाच वेळी फसविते. थर दोन, पुरावा एक.

अलीकडील वळण

आभासी सर्व्हरांच्या प्रसारानंतर गटांचे स्वरूप बदलले आहे. व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस या फाइलप्रणालीत अनेक सर्व्हर एकच लन एकाच वेळी सुरक्षितपणे वापरू शकतात. तिच्या क्लस्टरची मर्यादा पाचव्या आवृत्तीत ३२ व सहाव्या आवृत्तीत ६४ सर्व्हर होती. अशा क्लस्टरचा गट म्हणजे एक मोठे सभागृह. सर्वांना सारे दिसते. कोणत्या आभासी सर्व्हरला कोणती डिस्क, हा खरा हक्काचा निर्णय अ‍ॅरेवरून उठून हायपरवायझरच्या व्यवस्थापकाकडे गेला. अ‍ॅरेवरील नोंद नीटनेटकी दिसते याचे एक कारण तिच्यात निर्णय फारसा उरलेला नाही, हेही आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये साठवण-व्यवस्थेच्या सुरक्षेविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती एसपी ८००-२०९. सर्व्हर आणि जाळ्याच्या सुरक्षेवर इतके साहित्य असताना साठवणीला स्वतंत्र पुस्तिका मिळावयास एवढा काळ लागला, ही गोष्ट या विषयाच्या प्रतिष्ठेविषयी पुरेशी बोलकी आहे.

२०१६ मध्ये एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्सचे पहिले मानक आले. स्कझीचा वारसा बाजूला ठेवून नव्याने रचना करण्याची ही संधी होती. येथेही ‘होस्ट’ हा शब्द राहिला. होस्टला आता मजकुराच्या स्वरूपातील नाव आहे, ते पोर्टाला चिकटलेले नसून होस्टचे आहे, ही निश्चितच प्रगती होय. अ‍ॅरेच्या मनातील चौकट आणि तंत्रज्ञाच्या मनातील सर्व्हर प्रथमच एकमेकांजवळ आले. ओळख पटविण्याची रीतही नंतर जोडण्यात आली. लिनक्सच्या गाभ्यातील एनव्हीएमई टार्गेटमध्ये परवानगी असलेल्या होस्टांची यादी ठेवता येते आणि यादीत नसलेल्यांना मूळ स्थितीत प्रवेश नाही, म्हणजे १९७५ चे पहिले तत्त्व तेथे पाळलेले आहे. त्याच्याच शेजारी ‘कोणत्याही होस्टला येऊ द्या’ असा एक कळीचा पर्याय आहे. मांडणी कशी करावी हे शिकविणाऱ्या कित्येक प्राथमिक मार्गदर्शक टिपांत अगदी आरंभीच्या दोनतीन आज्ञांतच या पर्यायात एक हा अंक लिहावयास सांगितलेले असते, आणि तो पुन्हा शून्य केव्हा करावयाचा याचा उल्लेख त्यांत बहुधा नसतो.